क्रोशा शिकताना पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न : साखळीपासून पॉपकॉर्नपर्यंत

दुपारी शेतातून आल्यावर आमच्या ओसरीत पाच-सात जणी सुई-दोरा घेऊन बसतात, आणि ज्यांना येणं जमत नाही त्या फोनवर फोटो पाठवतात, "ताई हे असं काऊन झालं?" तेच तेच प्रश्न येतात म्हणून एका जागी लिहून काढले. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत. पहिल्या पाच प्रश्नांत शब्द समजून घ्या, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल.

१. ताई, मले काहीच येत नाही. सुरुवातीले काय काय घेऊ?

एक क्रोशाची सुई (टोकाला आकडी असते ती) आणि लोकरीची एक गुंडी, बस. सुई ४ मिलिमीटरची घ्या, ॲल्युमिनियमची किंवा रबरी दांडीची, आणि लोकर चार प्लायची, म्हणजे चार पदरांची, साधी ॲक्रिलिक घ्या, रंग फिका, पिवळा, पोपटी, गुलाबी कोणताही चालेल पण काळी, गर्द निळी घेऊ नका, त्यात टाका दिसतच नाही आणि सायंकाळी लाईट गेली की बसा चाचपत. आजीच्या पेटीतली बारीक लोखंडी सुई आणि पांढरा बारीक दोरा काढून पुष्कळ जणी त्यावरच शिकायला बसतात, आठ दिवसात कंटाळून सोडून देतात. ती सुई १.२५ किंवा १.५ मिलिमीटरची असते, ती रुखवताच्या रुमालासाठी आहे, शिकायसाठी नाही.

सुई घेताना नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर पाहा. लोखंडी बारीक सुयांचा अमेरिकन नंबर उलटा चालतो, नंबर मोठा तितकी सुई बारीक. दोऱ्याचंही तसंच, २० नंबरचा दोरा १० नंबरपेक्षा बारीक.

२. दोन सुयांचं स्वेटर विणतात ते आणि हे एकच का?

नाही. दोन सुयांत सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात, एक सुटला की खालपर्यंत धागा ओघळत जातो. क्रोशात सुईवर एकच फासा, म्हणजे दोऱ्याचं एकच वळं असतं, प्रत्येक टाका पुरा करूनच पुढं जायचं. म्हणून कापूस वेचायला जाताना, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत कुठंही काम गुंडाळून पिशवीत टाकता येतं. याचा तोटा काय ते प्रश्न १७ मध्ये आहे.

३. मी डावखुरी आहे, मले जमन का? आणि माझा पोरगा बसते शेजारी, त्यालेही शिकवू का?

दोघांनाही हो. डावखुरीनं सगळं आरशासारखं करायचं, सुई डाव्या हातात, दोरा उजव्या हाताच्या बोटांतून, ओळ डावीकडून उजवीकडं जाईल. शिकवणारी उजवी असेल तर तिच्या शेजारी बसू नका, समोर बसा, तिचं काम आपोआप आरशातल्यासारखं दिसतं. पोराच्या बाबतीत विचारायचं कारणच नाही, नववीतला एक पोट्टा आमच्याकडं येतो, त्याची साखळी (फाशातून दोरा ओढत ओढत केलेली कड्यांची रांग) सगळ्यांपेक्षा सारखी येते.

सुई पेनासारखी धरा की चाकूसारखी, दोन्ही चालतं. महत्त्वाचा आहे दुसरा हात. दोरा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून यायला पाहिजे, म्हणजे तो आपोआप ताणात राहतो आणि हळूहळू सुटतो.

४. साखळी एवढी घट्ट काऊन होते? दुसऱ्या ओळीले सुई आतच जात नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कारण असं की फासा सुईच्या तोंडाजवळच्या बारीक जागेत ओढला जातो. सुईचं तोंड आणि दांडी यांच्यामध्ये एक निमुळती मान असते, फासा त्या मानेवर राहिला की तो तेवढाच बारीक होतो, तो मागं जाड दांडीवर सरकवून मगच पुढचा दोरा ओढायचा. प्रत्येक साखळीला. एकदा हे हाताला कळलं की अर्धा क्रोशा आला समजा.

तरीही घट्ट होत असेल तर पहिली साखळी फक्त अर्धा-एक मिलिमीटर मोठ्या सुईनं घाला आणि पुढं नेहमीची सुई घ्या, आम्हीसुद्धा तोरणाची लांब साखळी अशीच घालतो. सुरुवातीची सरकगाठ आणि सुईवरचा फासा मोजणीत धरायचा नसतो, इथंच एक-दोनचा घोळ होतो.

५. मुका खांब, अर्धा खांब, खांब यात फरक काय? आणि सुई घालायची तरी कुठं?

आधी सुई कुठं घालायची ते. पुरा झालेल्या टाक्याकडं वरून पाहा, आडवी पडलेली इंग्रजी व्ही दिसते, म्हणजे दोन पाकळ्या. सुई त्या दोन्ही पाकळ्यांच्या खालून जाते. एका पाकळीखालून गेली तर टाका होतो, पण पट्टी-पट्टी उमटते. एक व्ही म्हणजे एक टाका. ही व्ही ओळखता आली की व्हिडिओ पॉज करत बसायची गरज राहत नाही. मी नवीन बाईला पहिल्या दिवशी विणायला देतच नाही, विणलेला तुकडा हातात देते आणि टाके मोजायला लावते, कुणी १८ म्हणते कुणी २१, आणि असतात २०. दोन-तीन दिवसांत सगळ्यांचे २० यायला लागतात, मग सुई हातात.

आता खांब. मुक्या खांबात सुई घालून दोरा वर ओढला की सुईवर २ फासे, दोन्हीतून एकदम ओढून घ्या. अर्ध्या खांबात आधी सुईला एक वेढा, मग सुई घालून ओढलं की ३ फासे, तिन्हीतून एकदम. पूर्ण खांबात तसेच ३ फासे, पण आधी दोनातून, मग उरलेल्या दोनातून. आधी दोन वेढे घेतले आणि दोन-दोन करत तीनदा काढलं की लांब खांब. बस, बाकीचे शंख, पाकळ्या, जाळ्या सगळे या चारांतूनच निघतात.

६. चौकोनी रुमाल वर जाता जाता निमुळता काऊन होते? कडा सरळ येतच नाहीत.

टाके गळतात, आणि बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी गळतात. ओळ पलटताना उंचीसाठी साखळ्या घालतो, मुक्या खांबाला १, अर्ध्याला २, खांबाला ३, लांब खांबाला ४. खांबाच्या त्या ३ साखळ्या म्हणजेच ओळीचा पहिला खांब धरला जातो. म्हणून पहिल्या टाक्यात परत खांब घालायचा नाही, आणि पुढच्या ओळीत परत येताना शेवटचा खांब त्या ३ साखळ्यांच्या डोक्यावर घालायचा. तो दिसत नाही, साखळी जराशी कलंडलेली असते, म्हणून सुटतो. दर ओळीला एक सुटला की वीस ओळींत समोसा तयार.

मुक्या खांबाची १ साखळी मात्र मोजणीत धरत नाहीत, तिथं पहिल्याच टाक्यात मुका खांब घालायचा. अर्ध्या खांबाच्या २ साखळ्या कुणी मोजतं कुणी नाही, नमुन्यात लिहिलेलं असतं, नसेल तर एक पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

सोपा उपाय, पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा, दर ओळीला वर सरकवा. आणि २० टाक्यांचा तुकडा असेल तर दर ओळीला २० मोजा, मनातल्या मनात नाही, मोठ्यानं.

७. गोल रुमाल कधी टोपी होते, कधी लाटा येतात. काय चुकते?

टोपी झाली म्हणजे टाके कमी पडले, लाटा आल्या म्हणजे जास्त झाले. खांबाची उंची प्रत्येक फेरीत सारखीच असते, म्हणून घेरही दर फेरीला ठरावीकच वाढायला पाहिजे. खांबाचा गोल असेल तर पहिल्या फेरीत १२ खांब, मग दर फेरीला १२ वाढवा, २४, ३६, ४८. मुक्या खांबाचा असेल तर ६ पासून, १२, १८, २४. वाढवणं म्हणजे एकाच टाक्यात दोन खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, तिसऱ्यात एक साधा एक जोडी, चौथ्यात दोन साधे एक जोडी, असं.

१२ म्हणजे १२च असंही नाही बरं का, ज्यांचा हात घट्ट त्यांचे खांब बुटके येतात, त्यांना ११ पुरतात, सैल हाताला १३ लागतात. तुमचा तुकडा जमिनीवर पसरून पाहा, तोच सांगेल.

एक गुंतागुंत अजून आहे. दर फेरीत जोडी बरोबर मागच्या जोडीवरच घातली तर गोल राहत नाही, मुक्या खांबात तर चक्क षटकोन दिसतो. एका फेरीत जोडी सुरुवातीला, पुढच्या फेरीत मधात, अशी हलवत राहा.

८. व्हिडिओत डबल क्रोशे सांगतात, मी तसंच करते तरी त्यांच्यासारखं येत नाही.

व्हिडिओ कुठल्या पद्धतीचा आहे ते पाहा. अमेरिकेतले ज्याला सिंगल म्हणतात त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. म्हणजे आपला मुका खांब एकीकडं सिंगल, दुसरीकडं डबल. नमुन्यात सिंगल हा शब्द कुठंही टाक्यासाठी आला असेल तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे आता वापरत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ब्रिटिश पद्धत, यूट्यूबवर बहुतेक अमेरिकन. आपला खांब शब्द वापरला की हा गोंधळच नाही.

९. चिन्हांचा चार्ट वाचता येत नाही, इंग्रजीही येत नाही. काय करू?

इंग्रजी येत नसेल तर चार्टच शिका, तो सगळ्या जगाचा जवळपास एकच आहे. लांबट अंडं म्हणजे साखळी, ठिपका म्हणजे सरकटाका (सुई घालून ओढलेला दोरा सुईवरच्या फाशातूनही तसाच काढतात तो), अधिक किंवा फुलीचं चिन्ह मुका खांब, टी सारखं दिसतं तो अर्धा खांब, टी वर एक तिरपी रेघ असेल तर खांब, दोन रेघा असतील तर लांब खांब. रेघा म्हणजे सुईला घ्यायचे वेढे. जितक्या रेघा तितके वेढे, फक्त अर्ध्या खांबाला रेघ नसली तरी एक वेढा घ्यायचा.

चौकोनी चार्ट खालून वर वाचायचा, ओळीचा आकडा उजवीकडं असेल तर उजवीकडून सुरुवात, डावीकडं असेल तर डावीकडून. गोल चार्ट मधातून बाहेर. जपानी, रशियन नमुनेसुद्धा आमच्या बायका असेच विणतात, एक अक्षर न वाचता.

१०. कापूस तर आपल्याच वावरात आहे, मग दोरा विकत काऊन घ्यायचा? त्याच्याच सुतानं क्रोशा होत नाही का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण मीसुद्धा हाच विचार करून चरख्याच्या सुतावर विणून पाहिलं होतं. एकपदरी सूत सुईच्या तोंडात फाटतं, पीळ उलगडतो किंवा नको तितका चढतो, आणि विणलेला चौकोन तिरका होतो. क्रोशात प्रत्येक टाका दोऱ्याला ओढतो, घासतो, म्हणून दोरा अनेक पदर एकत्र पिळलेला लागतो. चरख्याचं सूत चार पदरी करून उलट पीळ दिला तर चालतं, मी त्याचे दोन भांडे धरायचे रुमाल केले, खरबरीत आहेत पण पक्के आहेत. खादीचं काम कसं चालतं ते पाहायचं असेल तर वर्ध्याचं मगन संग्रहालय पाहून या, १९३८ पासून आहे.

दुकानातल्या दोऱ्याला जी चकाकी असते ती मर्सराइज केल्याची. सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढतात, त्यानं धागा गोल, मजबूत, चकचकीत होतो आणि रंग चांगला धरतो. मूळ शोध इंग्लंडच्या जॉन मर्सरचा, १८५० चं पेटंट. आपला कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि लडी होऊन हिंगणघाटच्या बाजारात परत येतो, ही गोष्ट मला लडी विकत घेताना दरवेळी लागते.

११. कापूस वेचून बोटं चरचरतात, दोरा अडकते. उन्हाळ्यात तर घामानं सुई सरकतच नाही.

बोंडाच्या टोकांनी बोटं सोलवटलेली असतात, त्या फोलपटात दोरा अडकतो आणि फाटतो. रात्री झोपताना खोबरेल किंवा तीळाचं तेल चोळून जुने मोजे हातात घाला, सकाळी फरक दिसतो. तेल लावून लगेच विणायला बसू नका, दोऱ्यावर पिवळे डाग पडतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी जास्त गडद दिसतात.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा लोकर हातात धरवतच नाही. तेव्हा सुती दोरा घ्या, आणि जवळ वाटीत थोडी टाल्कम पावडर. पांढरं काम असेल तर पहाटेच करा. स्वेटर-टोपीचं काम दिवाळीनंतर.

१२. अर्ध्यात दोरा संपला. दुसरी गुंडी आणली तर रंगच वेगळा निघाला.

लेबलवर रंगाच्या नंबराशिवाय एक लॉट नंबर असतो. एका खेपेत रंगवलेल्या गुंड्यांचा लॉट एक. रंगाचा नंबर सारखा आणि लॉट वेगळा असेल तर दुकानात फरक कळत नाही, उन्हात कळतो. एका दुकानदारानं मला "एकच हाय ताई" म्हणून दिली आणि सोफ्याच्या कव्हरावर मधोमध पट्टा आला. म्हणून लागणारी सगळी लोकर एकदम घ्या, एक गुंडी जास्तच. अडकलातच तर एकदम बदलू नका, दोन ओळी जुन्या दोन ओळी नव्या असं आठ-दहा ओळी करत जा.

जोडताना गाठ मारू नका, गाठ एक दिवस पुढं येतेच. खांबाचा शेवटचा फासा काढायच्या वेळी नवा दोरा ओढून घ्या, दोन्ही टोकं एक वीत ठेवा आणि नंतर दाभणानं एकदा इकडून एकदा उलट दिशेनं टाक्यांतून ओवा. ओलं करून चोळून जोडायची युक्ती फक्त मेंढीच्या लोकरीला लागू, ॲक्रिलिक कितीही चोळा, चिकटत नाही.

१३. पॉपकॉर्न, बॉबल, पफ, तिन्ही गोळेच दिसतात. फरक काय?

पॉपकॉर्नमध्ये एकाच टाक्यात ५ पुरे खांब घालायचे, सुई काढून पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची, सुटलेला फासा पकडून त्यातून ओढायचा. गोळा टणक येतो, बोटानं दाबला तरी परत उठतो.

बॉबलमध्ये ५ खांब अर्धवट ठेवायचे, प्रत्येकाची शेवटची ओढ बाकी, सुईवर ६ फासे झाले की सगळ्यांतून एकदम. हा गोळा मागच्या बाजूला फुगतो, म्हणून उलट्या ओळीत घालतात.

पफमध्ये वेढा घ्या, सुई घाला, दोरा लांब ओढा, असं तीनदा एकाच जागी, ७ फासे होतील, सगळ्यांतून ओढून एक साखळी घालून बंद करा. मऊ येतो, लहान बाळाच्या टोपीला चांगला. पॉपकॉर्न दोरा फार खातो, साध्या खांबाच्या हिशोबानं दोरा आणला तर पुरणार नाही.

शंख याच्यापेक्षा सोपा आहे: एक मुका खांब, २ टाके सोडा, तिसऱ्यात ५ खांब, २ सोडा, पुढच्यात मुका खांब. टाके ६ च्या पाढ्यात अधिक १ पाहिजेत, म्हणजे ३७, ४३, ४९. पुढच्या ओळीत शंखाच्या मधल्या खांबावर मुका खांब येतो आणि मुक्यावर शंख.

१४. वेणीसारखी उठावदार वीण क्रोशात होते का?

होते. सुई व्हीमध्ये न घालता खालच्या खांबाच्या दांडीभोवती घालायची, समोरून घातली तर खांब पुढं उठतो, मागून घातली तर मागं जातो. एक पुढं एक मागं केलं की स्वेटरच्या पट्टीसारखं ताणणारं येतं. वेणीसाठी दोन खांब सोडून पुढच्या दोनांवर आधी लांब खांब घालायचे, मग सोडलेल्या दोनांवर. असे खांब बुटके होतात, म्हणून उंचीला एक साखळी कमी लागते. प्रश्न ६ मधला हिशोब इथं तसाच लावू नका.

१५. तोरणावर "शुभ लाभ" विणायचं आहे. साखळ्या किती घालू?

हे जाळीचं काम. मोकळं घर म्हणजे एक खांब, २ साखळ्या, २ टाके सोडून परत खांब. भरलेल्या घरात त्या २ साखळ्यांच्या जागी २ खांब. चौकटीच्या वहीत अक्षर काढा, काळं घर भरलेलं, पांढरं मोकळं.

घरांना ३ नं गुणा, ५ मिळवा. २० घरांसाठी ६५ साखळ्या, आणि पहिला खांब सुईपासून ८ व्या साखळीत. हे पहिलं घर मोकळं असेल तेव्हा. पहिलं घर भरलेलं असेल तर ३ नं गुणून ३ मिळवा, ६३, आणि खांब ४ थ्या साखळीत.

आपल्या अक्षरांची अडचण वेगळी आहे. शिरोरेघेला एक पूर्ण ओळ भरलेली लागते, आणि "शु" चा उकार खाली येतो म्हणून अक्षराखाली निदान तीन ओळी मोकळ्या सोडा, त्या विसरल्या की उकार झालरीत घुसतो. घर उभं-आडवं सारखं येत नाही, बहुतेक हातांना ते जरा चपटं किंवा उंच येतं, आधी पाच घरांचा तुकडा मोजा आणि मगच अक्षर काढा.

१६. तान्ह्या पोळ्याले पोराच्या लाकडी नंदीची झूल करायची आहे. माप कसं घेऊ? आणि वरून कापूस भरून छोटा बैलही करता येईल का?

झूल करा, फार देखणी दिसते. वशिंडापासून शेपटीपर्यंत लांबी आणि पाठीवरून दोन्ही पोटांपर्यंत रुंदी, दोरीनं मोजा. साधा खांबाचा चौकोन, मधात वशिंडासाठी ६-८ साखळ्यांची फट, कडेला शंख, कोपऱ्यांना गोंडे. सुती दोरा घ्या, लोकरीला मिरवणुकीतला गुलाल चिकटून बसतो.

विणलेल्या बैलासाठी मॅजिक रिंग लागते, म्हणजे बोटाभोवती दोऱ्याचं वळं करून त्यातच ६ मुके खांब घालायचे आणि टोक ओढून भोक बंद करायचं. पुढच्या फेऱ्या न जोडता गोल गोल जायच्या, फेरी कुठं सुरू झाली ते कळावं म्हणून दोऱ्याचा तुकडा अडकवा. आतलं भरण बाहेर दिसत असेल तर सुई अर्धा-एक मिलिमीटर बारीक घ्या. वावरातला कापूस सरकीसकट भरू नका, सरकीच्या तेलाचे डाग येतात, आणि पिंजलेला कापूससुद्धा धुतला की गोळे धरतो, फायबर भरा. तीन वर्षांखालच्या लेकरासाठी डोळ्याला बटण लावायचं नाही, दोऱ्यानं डोळे भरायचे, याला अपवाद नाही.

१७. चार ओळी मागं चूक दिसली. उसवावंच लागते का?

दोन सुयांच्या कामात तेवढाच टाका खाली सोडून दुरुस्त करता येतो, क्रोशात येत नाही, कारण प्रत्येक टाका बंद होऊनच पुढं गेलेला असतो. म्हणून कोणती चूक आहे ते पाहा. साध्या खांबात एक टाका कमी असेल तर आताच्या ओळीत एक जोडी घालून टाका. शंखात, जाळीत, उठावाच्या विणीत मात्र एक टाका पुढची सगळी नक्षी सरकवतो, तिथं उसवाच.

उसवायच्या आधी जिथपर्यंत यायचं त्या ओळीतल्या एका टाक्यात सेफ्टी पिन लावा, म्हणजे ओढण्याच्या नादात पुढं जाणार नाही. निघालेला दोरा लगेच गुंडीवर गुंडाळा, जमिनीवर ढीग केला की मांजर आणि गुंता दोन्ही ठरलेले. नागमोडी झालेल्या लोकरीची लडी करा, चार जागी सैल बांधा, पाण्यातून काढून सावलीत टांगा, सरळ होते.

१८. धुतल्यावर रुमाल आखडला, इस्त्री केली तर लोकरीची टोपी चपटी झाली.

लोकर ॲक्रिलिक होती. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकली की धागा वितळून चपटा होतो, तो परत येत नाही. ओली करून हातानं आकार द्या आणि सावलीत सुकवा.

सुती रुमाल ओला करून चादरीवर पसरा, कोपरे मापून टाचण्या लावा, स्टीलच्याच लावा नाहीतर गंज उतरतो. ताठ पाहिजे असेल तर भाताची पातळ पेज गाळून लावा किंवा साबुदाण्याची खळ. महालक्ष्म्यांसमोरचे रुमाल, रुखवताची बदकं, टोपल्या अशाच उभ्या राहतात. पण खळ लावलेलं काम वर्षभर पेटीत ठेवू नका, कसर लागते. सण झाला की धुवून, कोरडं करून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा.

१९. मशीनवर स्वस्तात मिळते मग आपलं कोण घेईल? आणि किंमत किती सांगू?

दुकानातली मशीनची लेस क्रोशासारखी दिसते, पण ती मशीनची वेगळी वीण असते. हातानं घालतो तो खांब मशीन घालत नाही. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यान्पिढ्या क्रोशाची लेस करतात, मिशनरी बायकांनी शिकवलेली, त्यांच्या लेसला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. म्हणजे हाताच्या कामाला नाव आहे. भाव आपण सांगत नाही म्हणून मिळत नाही.

मी एकदा दाराच्या तोरणाला बसले तेव्हा प्रत्येक बैठकीचा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत गेले, २६ तास भरले. तेच तोरण मी आधी दोऱ्याच्या दुप्पट पैशात देत होते. तेवढे तास निंदणाला गेले असते तर किती रोज पडला असता तो हिशोब मांडला आणि त्या दिवसापासून दोऱ्याचे पैसे वेगळे, तासांचे वेगळे, असंच सांगते. गिऱ्हाईक परत जातं कधी कधी, जाऊ द्या. नातेवाइकांना भेट द्यायची असेल तर पूर्ण भेट द्या, पण "दोऱ्याचेच पैसे द्या" असं कुणालाच म्हणू नका, कारण मग शेजारच्या गावातल्या बाईलाही तेवढ्यातच मागतात.